टेकडीवरची एलाबाय

आमच्या गावाला सगळे बंदर म्हणतात, पण बंदरात आता काही येत नाही. मालवणहून सुटलेली एसटी तासाभराने शेवटचं वळण घेऊन खाली उतरते आणि जुन्या जकात कचेरीच्या ओट्यापाशी थांबते, तेवढंच. कचेरीत आता तलाठी बसतो. तिच्या समोर वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार आहे. तिच्या भिंती इतक्या जाड, की एकेका खिडकीत दोन मुलं पाय पसरून बसतात आणि तरी मधे दप्तराला जागा उरते. पूर्वी म्हणे तिथे मिरी आणि सुती कापड भरलेलं असायचं. आता फाटकी जाळी आणि बर्फाचे रिकामे खोके असतात.

मी इथल्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. गावाचा इतिहास मी मुलांना वर्गात कधी शिकवला नाही, चालत शिकवला. आधी वखार, मग कचेरी, मग धक्का. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज आले, वलंदेज आले, शेवटी इंग्रज आले आणि बराच काळ उठलेच नाहीत, असं सांगत सांगत आम्ही उन्हातून जायचो. फिरंगी गेले तरी त्यांचे शब्द इथेच राहिले, हे सांगताना मी मुलांना विचारायची, बटाटा, काजू, चावी, घमेलं, पगार, तुरुंग, यातल्या कुठल्या वस्तू तुमच्या घरी आहेत? एकदा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला होता, "तुरुंग घराक नाय बाई, पण माझो काको थंयसर जावन इलोहा."

मुलांना मी दोनच प्रश्न पाठ करायला लावायची. कोणी काहीही जुनं सांगितलं, की विचारायचं, कोणी पाहिलं? आणि कोणी लिहिलं? दोन्हीचं उत्तर मिळालं नाही, तर ती गोष्ट म्हणून ऐकायची, इतिहास म्हणून नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे, की गावातली माणसं बाजारात भाव करतानाही एकमेकांना थट्टेने विचारतात, "कोणी बघितल्यान? कोणी लिवल्यान?"

आणि तरी गावातली सगळ्यांत मोठी न पाहिलेली, न लिहिलेली गोष्ट माझीच आहे.

धक्क्याच्या मागे टेकडी आहे. तिच्यावर काजूच्या झाडांमधे गोऱ्या लोकांची पाच थडगी आहेत. चार मोठी, चौथऱ्यावर उभी. त्यांच्यावरची अक्षरं अजून वाचता येतात. एक कप्तान तापाने गेलेला, एक बाई आणि तिचं तान्हं मूल, एक व्यापारी, एक पाद्री. पाचवं थडगं बाजूला आहे. चौथरा नाही, नुसता उभा दगड, पहिलीच्या पाटीपेक्षा थोडासाच मोठा. त्याच्यावर शेवाळाने आणि खाऱ्या वाऱ्याने असा काही थर बसला होता, की अक्षरं आहेत एवढंच कळायचं.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गात दिव्या नावाची मुलगी होती. त्या वर्षी ज्येष्ठात तिची आई गेली आणि तेव्हापासून तिने बोलणं सोडलं. घरी नाही, शाळेत नाही. हजेरी घेताना मी तिचं नाव घ्यायची आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायची. त्या श्रावणात मी वर्ग घेऊन टेकडीवर गेले. बाकीची मुलं कप्तानाच्या चौथऱ्यावर उड्या मारत होती. दिव्या त्या लहान दगडासमोर उभी राहिली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"बाई, ह्यो दगड इतको बारको कित्याक?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी मुलांना नेहमी सांगायची, त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण त्या दिवशी वाटलं, हिला आता "माहीत नाही" म्हटलं तर हे दार पुन्हा लागेल. मी म्हटलं, "लहान मुलीचा आहे म्हणून."

"तिचा नाव काय?"

"एला."

हे नाव माझ्या तोंडात कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. मग मी बोलतच गेले. बंदरावरच्या साहेबाची मुलगी, सहा वर्षांची. तापाने गेली. आईबाप गलबतात बसून आपल्या मुलखाला परत गेले, ही एकटीच इथे राहिली. तिला खेळायला कोणी नाही.

दिव्याने फ्रॉकच्या खिशातून एक कवडी काढली आणि दगडाच्या पायाशी ठेवली. "मी येतलंय," असं ती दगडाला म्हणाली. मला नाही.

त्यानंतर ती रोज बोलायला लागली.

पुढचं सगळं आपोआप झालं. दिव्या दुसऱ्या मुलींना घेऊन गेली. मुलींनी भावांना नेलं. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर समुद्राला नारळ दिला, की मुलांनी प्रसादाच्या खोबऱ्याचा एक तुकडा टेकडीवर एलाला नेऊन द्यायचा, अशी रीतच पडली. दगड काळा दिसतो म्हणून आदल्या दिवशी त्याला चुना लावायचा, हे तर मीच सुरू केलं. दर वर्षी एक हात चुना.

मग मोठी माणसं आली. महादू हा आमचा गावकर. देवळात आणि धक्क्यावर गावाच्या वतीने देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, तोच घालतो. एका वर्षी त्याची नात तापाने फणफणली, तेव्हा त्याच्या बायकोने, यशोदेने, एलाला फ्रॉकचा नवस बोलला. पोर उठली. दगडाला खरोखरच लाल फ्रॉक चढवला गेला आणि त्या पौर्णिमेला महादूने गाऱ्हाण्यात गावच्या देवांमागून हळूच आणखी एक नाव घातलं, "आणि टेकडयेवरली परमुलखातली चेडू एलाबाय, तिची नजर गावच्या पोरांवर आसांदे रे म्हाराजा!" धक्क्यावरचं सगळं गाव ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

मी त्याच वेळी थांबवायला हवं होतं. मी गर्दीत उभी होते आणि माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" गेलं.

खरं सांगायचं, तर मला ते बरं वाटलं होतं. मी लग्न केलं नाही. भाऊ मुंबईला, त्याची मुलं त्याहून लांब. शाळा होती तोवर दिवस भरलेला असायचा. निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी संध्याकाळी टेकडीवर जायला लागले. दगडाशेजारी बसून एलाला आठवड्याची खबर द्यायची. शाळेचा पट सत्तावन्नवरून तीसवर आला, गो. मग अकरावर. या वर्षी तीन. पुढच्या जूनपासून शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत मिळवणार, गो. मीच घडवलेली मुलगी आहे हे मी विसरले नव्हते. पण चहाचा दुसरा कप कोणासाठी तरी भरायची सवय जशी जात नाही, तसं ते होतं.

या श्रावणात आकांक्षा आली.

तिशीच्या आतली मुलगी. जुन्या वास्तूंची माहिती गोळा करणाऱ्या एका संस्थेत काम करते. वखार, कचेरी आणि टेकडी, तिन्ही जागी माहितीचे लोखंडी फलक बसवायचे होते. ओसरीवर बसून तिने माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायला सुरुवात केली. मी विचारलं, "तू कोणाची गो? खंयची?"

"नांदगावची. स्टेशनाकडे घर आसा आमचा," ती हसली आणि मग सरळ आपल्या भाषेत आली. "बाई, तुमका सांगतंय, हय सगळ्यांनी एकच सांगल्यानी. एलाबायचा काय विचारूचा तर मथुराबाईंका विचारा."

तिने मला छापायचा मजकूर दाखवला. टेकडीच्या फलकावर चार थडग्यांच्या चार ओळी होत्या. पाचव्याबद्दल लिहिलं होतं, 'बंदरावरील इंग्रज अधिकाऱ्याची कन्या एला, वय सहा वर्षे. माहिती : श्रीमती मथुरा, निवृत्त शिक्षिका.'

"ह्या तुमका खंयसून कळला? एखादा कागद, चोपडी?"

मी कागद मेजावर ठेवला. "जुनी माणसं सांगायची," मी म्हणाले.

"बास. तुम्ही सांगतास म्हणजे झाला. पुनवेनंतर छापूक देतंय," असं म्हणून तिने पेनाने बरोबरची खूण केली. मुलांच्या वहीत मी जशी करत असे, अगदी तशीच.

मजकुराची एक प्रत ती माझ्याकडे ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे शाळेतली तिन्ही मुलं अभ्यासाला ओसरीवर आली. विनीत, सिद्धेश आणि भक्ती. भक्ती ही दिव्याची मुलगी. दिव्या आता धक्क्याजवळ खानावळ चालवते, आणि भक्ती येताना रोज माझ्यासाठी डबा आणते. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार होतं. डबा ठेवून तिने मेजावरचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली. वाचून झाल्यावर तिने अगदी पाठ म्हटल्यासारखं विचारलं,

"कोणी बघितल्यान? कोणी लिवल्यान?"

"बाईंनी लिवल्यानी," सिद्धेश म्हणाला. "नाव आसा मरे थंय."

"मगे बाईंनी बघितल्यानी?"

"बाई इतक्यो म्हाताऱ्यो नाय हत," विनीत म्हणाला. "इंग्रज कधीच गेले."

तिघंही माझ्याकडे बघत राहिली. खोडी नव्हती त्यांच्या तोंडावर. मी शिकवलेला प्रश्न ती मला विचारत होती आणि उत्तर मिळणार याची त्यांना खात्री होती. मी म्हटलं, "उद्या सांगते." याआधी कधी मी मुलांचं उत्तर उद्यावर टाकल्याचं मला आठवत नाही.

मुलं गेल्यावर मी डबा न उघडता बसून राहिले. तोंडातली गोष्ट निराळी. ती वाऱ्यावर असते, हवी तशी वळते. पण फळ्यावर लिहिलेलं मुलं खरं मानतात, हे मी छत्तीस वर्षं बघितलं आहे. लोखंडावर लिहिलेलं तर त्यांची मुलंही खरं मानतील. आणि त्याखाली माझं नाव. एलाला ठेवायचं, तर मला माझ्या दोन्ही प्रश्नांना पुसून टाकावं लागणार होतं. प्रश्न ठेवायचे, तर एला जाणार होती. गुरुवारी मग मी कोणाकडे जायचं?

आणि आकांक्षाला फोन करण्याआधी दिव्याला सांगणं भाग होतं.

मी सकाळी खानावळीत गेले. दिव्या नारळ फोडत होती. मला बघून तिने बाक पुसला. "बाई, तुम्ही कित्याक इलात, निरोप धाडूचो होतो. सांबारा तिखट झाला काय?"

"नाही गो. बस जरा."

"बसाक वेळ खंय? बोला तुम्ही, माझे कान मोकळे आसत."

मी सांगितलं. सरळ, पहिल्या दिवसापासून. तिने कवडी ठेवण्याआधी काय झालं, मला कसं काही माहीत नव्हतं, नाव कसं तोंडात आलं. नारळाची एक कवड तिच्या हातात तशीच राहिली. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती, आणि मला एकतीस वर्षांपूर्वीची हजेरी आठवली.

"म्हणजे थंय कोण नाय?"

"कोणीतरी आहे. कोण ते मला माहीत नाही."

"एला नाय."

"नाही."

तिने कवड खाली ठेवली. "बाई, तुमका म्हायत आसा, मी तिका काय सांगी? मी तिका सांगी, तू मेलंस, माझी आवस पण मेली. तुमी दोघा एकाच गावात आसतल्यात. तिका माझो निरोप दी. वरसभर सांगलंय मी. आज काय जेवलंय, काय शिकलंय, बाबान मारल्यान तर ता पण. सगळे निरोप तिच्याकडे दिलंय." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "मगे ते निरोप खंय गेले, बाई?"

तिने पदराने हात पुसले.

"लोखंडावर काय लिवतत, ता माका काय करूचा आसा? माका कित्याक सांगलात? माझ्यापुरती ऱ्हवान दिली असती तर तुमचा काय जाय होता?"

"तुझ्या मुलीने विचारलं, दिव्या. कोणी पाहिलं म्हणून."

"तुम्हीच शिकवलात तिका," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पुढचा नारळ घेतला.

त्या संध्याकाळी भक्ती आली नाही. डबाही आला नाही. विनीत आणि सिद्धेशला मी सगळं सांगितलं. विनीत म्हणाला, "म्हणजे तुम्ही खोटा बोललात?" मी म्हणाले, "हो." तो विचार करून म्हणाला, "मगे आता उठाबशा?" मी म्हटलं, माझे गुडघे धरले आहेत, नाहीतर काढल्या असत्या. ते दोघं हसले, मग मीही हसले, आणि ते गेल्यावर मी स्वतःपुरती पेज टाकली. एका माणसाची पेज किती कमी असते, हे त्या आठवड्यात मला रोज नव्याने कळत होतं.

आकांक्षाला फोनवर सांगितलं, तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "बाई, मग दगडच वाचूया." पौर्णिमेच्या तीन दिवस आधी ती आली. बरोबर पाण्याची बाटली, मऊ ब्रश आणि बांबूच्या तासलेल्या कामट्या होत्या. लोखंड लावलं की अक्षर दुखावतं, असं ती म्हणाली. हे वाक्य मला फार आवडलं.

सकाळपासून दुपारपर्यंत ती चुना उतरवत होती. एकेक थर पापुद्र्यासारखा सुटायचा. एकतीस वर्षांचे थर. मी शेजारी बसून बघत होते. इतकी वर्षं अक्षरं न दिसण्याचं खरं कारण शेवाळ नव्हतंच. चुन्याखालचं शेवाळ तर पाण्याने एकदा घासल्यावर निघालं. आम्हीच दर वर्षी मायेने त्यांच्या तोंडावर चुना फासला होता, आणि पहिला हात माझा होता.

शेवटी तिने दगडावर कागद धरला आणि कोळशाचा तुकडा आडवा घासला. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली. नावाची जागा फुटून गेली होती, तिथे खळगा होता. बाकीचं इंग्रजी तिने थांबत थांबत आपल्या भाषेत सांगितलं.

"बंदराच्या बावट्याचो राखणदार... बावीस वर्षां नोकरी... वय एकसष्ट... साल अठराशे एकेचाळीस. आप्त... थांबा... आप्त कोण नाय. ह्यो दगड बंदरावरल्या खलाशांनी घातलो."

बावट्याची काठी कुठे होती, ते मला ठाऊक होतं. टेकडीच्या टोकाला तिचा दगडी पाया अजून आहे. मी मुलांना दाखवायची. समुद्र खवळला, की एक बावटा, गलबत आत येऊ शकतं, तर दुसरा. बावीस वर्षं एक माणूस तिथे उभा राहून दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या खुणा करत होता. त्याच्याकडे येणारं कोणी नव्हतं. खलाशांनी आपापसांत गोळा करून जेवढा दगड घेता आला, तेवढा घेतला. म्हणून दगड लहान.

दिव्याच्या प्रश्नाचं उत्तर एकतीस वर्षांनी मिळालं आणि ते तिला सांगायची सोय उरली नव्हती.

"बाई, रडतास काय?" आकांक्षाने विचारलं.

"चुना गेला डोळ्यात," मी म्हटलं. लगेच सुधारलं. "रडते गो. खोटं आता पुरे."

परत जाताना तिने फलकाचा नवा मजकूर वहीत लिहून मला दाखवला. मी एका ठिकाणी वेलांटी बदलली. ती म्हणाली, खाली तुमचं नाव ठेवू का? मी नको म्हटलं.

गावात बातमी पसरायला अर्धा दिवस पुरला. महादूला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो अंगणात सुपारी कातरत बसला होता. म्हणाला, "बाई, ह्या तुम्ही आता सांगतास? वीस वरसां मी गाऱ्हाण्यात घेतंय तिका!"

"म्हणून तर आले. नाव काढून टाका."

"काढतंय कसा?" त्याने अडकित्ता खाली ठेवला. "घातलेला नाव काढूक येणा नाय. ता काय शाळेचा हजेरीपत्रक आसा?"

आतून यशोदा ओरडली, "आणि तो लाल फ्रॉक नेसवलोव, तेचा काय? त्या बापड्या म्हाताऱ्याक फ्रॉक नेसवलो गे माझे आये!" आणि ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. महादू हसला नाही. तो सुपारीकडे बघत बसला.

नारळी पौर्णिमेला पाऊस उघडला होता. समुद्र मात्र गढूळ होता. धक्क्यावर पन्नास-साठ माणसं असतील. माझ्या लहानपणी पाय ठेवायला जागा नसायची. सोनेरी कागद लावलेला नारळ महादूच्या हातात होता. दिव्या बायकांमधे उभी होती, भक्तीचा हात धरून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली, रस्त्यावरचा दगड पाहावा तशी.

महादूने गाऱ्हाणं सुरू केलं. गावचे देव झाले, बंदराचं रक्षण करणारा देव झाला, बुडालेल्या होडक्यांतली माणसं झाली. मग तो थांबला. सगळं गाव थांबलं.

"आणि टेकडयेवर जो कोण आसा," महादू म्हणाला, "चेडू म्हणा, म्हातारो म्हणा, आमका नाव म्हायत नाय रे म्हाराजा. आमी तेका चेडू समाजलव, तेणा वायट वाटून घेवक नाय. आमच्या पोरांचा गाऱ्हाणा ऐकल्यान. तर हेच्या फुडे पण तेची नजर आसांदे. आणि तेका कोण नव्हता, तर आता ह्या गाव तेचा आसा म्हणान सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओरडले नाही. बायकांमधून दिव्याचा आवाज आला का, ते मी कान देऊन ऐकत होते. गर्दीत कळलं नाही.

नारळ पाण्यात गेला. प्रसाद वाटला. दर वर्षी या क्षणी मुलं माझ्याभोवती जमायची आणि आम्ही मिळून टेकडी चढायचो. या वर्षी विनीत मामाकडे धामापूरला गेला होता, सिद्धेशला बापाने होडीवर घेतलं होतं, आणि भक्ती आईबरोबर कुठेतरी निघून गेलेली दिसली. मी हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन थोडी थांबले. मग एकटीच निघाले.

ती वाट मी किती वेळा चढले असेन, पण त्या दिवशी मला संकोच वाटत होता. इतकी वर्षं मी त्याला काय काय सांगितलं होतं. पट कमी झाल्याचं, गुडघ्यांचं, भाऊ दिवाळीलाही फोन करत नाही त्याचं. सहा वर्षांच्या मुलीला सांगावं, तसं, समजेल न समजेल अशा बेताने. आणि तिथे एकसष्ट वर्षांचा माणूस ऐकत होता. त्याला सगळं समजत होतं. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, हे चढताना माझ्या लक्षात आलं आणि मी वाटेतच थांबून हसले.

काजूच्या झाडांखाली दगड आता राखाडी दिसत होता, आणि आणखीनच लहान. मी जवळ गेले.

माझ्या आधी कोणीतरी येऊन गेलं होतं. दगडाच्या पायाशी फणसाचं पान होतं आणि त्याच्यावर खोबरं होतं. तुकडा नव्हे. किसलेलं. अगदी बारीक किसून, वर गुळाची चिमूट घालून, छोटा ढीग केला होता. दात नसलेल्या माणसाला द्यावं, तसं.

हे एखाद्या मुलालाच सुचेल. किंवा खानावळ चालवणाऱ्या, दिवसाला वीस नारळ किसणाऱ्या बाईला. पानाशेजारी ओल्या मातीत चपलांच्या दोन जोडांचे ठसे होते, एक लहान आणि एक मोठा. म्हणजे दोघी आल्या होत्या, आणि माझी वाट न पाहता दुसऱ्या वाटेने उतरल्या होत्या.

मोठ्या चपलेचे ठसे दगडासमोर खोल उमटले होते. तिथे कोणीतरी बराच वेळ उभं होतं.

काय बोलली असेल, मला माहीत नाही. कोणी पाहिलं नाही. मी माझा खोबऱ्याचा तुकडा पानाच्या कडेला ठेवला आणि नेहमीच्या जागी बसले. खाली बंदर रिकामं होतं. बावट्याच्या काठीच्या पायावर एक कावळा बसला होता. आता काय म्हणून हाक मारायची, हे न सुचल्याने मी त्या दिवशी काहीच खबर दिली नाही. आम्ही दोघं नुसते समुद्राकडे बघत बसलो.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर डबा नव्हता. मी पेज टाकली, आणि सवयीने दार थोडं उघडं ठेवलं.